कौतुकाची वही: मेडिकल कॉलेजातल्या माणसांचा गौरव नीट कसा करावा

ट्रॉफीवर आडनाव चुकलं होतं. आमच्या डिसेक्शन हॉलचे, म्हणजे मुलं देहावर शरीररचना शिकतात त्या दालनाचे, परिचर मामा निवृत्त होत होते. जवळजवळ ३० वर्षं त्यांनी फॉर्मलिनच्या वासात काढलेली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक बॅचचा हात देहाला पहिल्यांदा लागला तो त्यांच्या देखरेखीत. स्टेजवर आले, शाल घेतली, श्रीफळ घेतलं, ट्रॉफी डोळ्यांजवळ नेली आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, हे माझं नाही." खरंच नव्हतं. आमच्याच ऑफिसात कुणीतरी हजेरीपटावरची खालची ओळ उचलून दुकानदाराला पाठवली होती. पाहुणे तोवर "वैद्यकीय क्षेत्रातील अमूल्य योगदान" या शब्दांपर्यंत पोहोचले होते. तेच शब्द त्यांनी आधीच्या चार सत्कारमूर्तींसाठीही वापरले होते.

नाव दोन दिवसांत दुरुस्त करून आणलं. दुसरी चूक मात्र दुरुस्त होण्यासारखी नव्हती. मामांनी इतक्या वर्षांत नेमकं काय केलं याची एक ओळही मानपत्रात नव्हती, कारण ते कुणी कधी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. मी आस्थापना विभागात होते, म्हणजे लिहून ठेवणं हे माझंच काम. त्या वर्षापासून मी वही ठेवायला लागले. आता निवृत्त आहे, अधूनमधून निवड समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बोलावणं येतं, आणि बहुतेक ठिकाणी तोच घोळ दिसतो: समारंभाला पंधरा दिवस उरले की नावं शोधायला सुरुवात होते. हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय.

आधी ठरवा: नियम कुणाचे लागतात

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात मेडिकल कॉलेजं सगळी एका साच्याची नाहीत. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम अभिमत विद्यापीठात (स्वतःच पदवी देणाऱ्या संस्थांत) मोडतात. नेरूळचंच तेरणा खासगी, पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. खारघरचं ॲक्ट्रेक तर कर्करोगाच्या संशोधनाचं केंद्र, त्याचा बाजच वेगळा.

याचा गौरवाशी काय संबंध? पहिल्याच पायरीला संबंध येतो. सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागतात, पालिकेच्या कर्मचाऱ्याला पालिकेचे सेवानियम. बाहेरच्या मंडळाने मानपत्र दिलं, भेटवस्तू दिली, तर ती घेण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी लागते. रोटरीचा किंवा गणेश मंडळाचा सत्कार असला तरी एक अर्ज टाकून ठेवावा. खासगी संस्थेत हे नियम नसतात, पण नेमणूकपत्रातल्या अटी असतात. त्या कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. कॉलेजच रोख बक्षीस देणार असेल तर ती रक्कम पगाराच्या उत्पन्नात धरली जाते. लेखा विभागाला आधी विचारलं नाही, तर मार्चमध्ये सत्कारमूर्तीचा कर कापला जातो आणि कौतुकाची चव जाते.

वही कशी ठेवायची

प्रत्येक विभागात एक साधी दोनशे पानी वही. एक्सेल चालेल, पण वॉर्डात वहीच चालते, कारण सिस्टरच्या टेबलावर ती उघडी राहते. पाच रकाने पुरतात: तारीख, नाव आणि हुद्दा, काय केलं, कुणी पाहिलं, कागद कुठे आहे. पेशंटचं नाव लिहायचं नाही, गरज पडली तर केस पेपरचा नंबर, तोही समितीबाहेर जाऊ द्यायचा नाही.

"चांगलं काम केलं" ही नोंद नव्हे. समजा एखाद्या रात्री ब्लड बँकेतल्या टेक्निशियनने दुर्मीळ गटाच्या पिशवीसाठी तीन रक्तपेढ्यांना फोन लावले, गाडी मिळेना म्हणून स्वतः रिक्षाने जाऊन आणली. हे असंच्या असं लिहा. किती वाजता, कुठून, कुणी सांगितलं. सहा महिन्यांनी समितीपुढे हीच ओळ बोलते.

वहीत कोण लिहील, यावर गाडी अडते. फक्त विभागप्रमुखांना अधिकार दिला तर त्यांना जे दिसतं तेच उतरतं, आणि विभागप्रमुखांना रात्री तीनचं काही दिसत नाही. आम्ही इन-चार्ज सिस्टर, सीनियर रेसिडेंट आणि विभागातला क्लार्क अशा तिघांना लिहायची मुभा दिली. कुणाबद्दल लिहायचं यावर बंधन ठेवलं नाही, एकच नियम ठेवला: स्वतःबद्दल लिहायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वहीचे फोटो आस्थापनेकडे. सुरुवातीचे चार महिने वह्या कोऱ्या येतील. चिडू नका. पाचव्या महिन्यात एका वॉर्डाची नोंद डीननी स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवा, पुढच्या महिन्यात सगळ्यांना शाई सापडते.

नोंदीची किंमत काय असते, याचं आपल्या बाजूचं उदाहरण महाडचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, प्राझोसिन या औषधाने जीव वाचतात हे दाखवलं आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं, तेही तालुक्याच्या गावात राहून. पद्मश्री मिळाली २०२२ साली, म्हणजे काम सुरू झाल्यावर कित्येक दशकांनी. मधल्या काळात टिकून राहिली ती कागदावरची नोंद.

कोणाकोणाचा विचार करायचा

मेडिकल कॉलेज म्हटलं की डोळ्यांसमोर प्रोफेसर येतात. असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर ही शिडी सगळ्यांना ठाऊक असते. शिडीखाली कोण उभं आहे ते एका संध्याकाळी बसून लिहून काढा. ट्यूटर आणि रेसिडेंट. सिस्टर, ब्रदर, मेट्रन. ऑपरेशन थिएटरचे (ओटीचे) आणि लॅबचे टेक्निशियन. निर्जंतुकीकरण विभागातली माणसं, ज्यांनी एक ट्रे चुकवला तर अख्ख्या दिवसाची ऑपरेशन्स अडतात. मेडिकल रेकॉर्डचे क्लार्क. ग्रंथपाल. समाजसेवा अधीक्षक, ज्यांच्याकडे पैसे नसलेला प्रत्येक नातेवाईक शेवटी येतो. शवागारातले कर्मचारी. वॉर्डातल्या मावशी आणि मामा. लिफ्टमन, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक.

अवयवदान समन्वयकाचं नाव तर जवळजवळ प्रत्येक यादीतून सुटतं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांशी बोलणं, त्यांना वेळ देणं, मग मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी सगळा पत्रव्यवहार पहाटेपर्यंत सांभाळणं, हे काम टाळ्यांचं नाही. मानपत्रात दात्याचं नाव, तारीख, गाव असं काहीही ओळख पटवणारं येता कामा नये.

कंत्राटी माणसांचं काय? हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी "ते आपल्या मस्टरवर नाहीत" असं उत्तर मिळतं. मला हे उत्तर कधीच पटलं नाही. सफाईचं, सुरक्षेचं, लॉन्ड्रीचं काम आता बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर आहे. त्यांना वगळलं की रुग्णालयाचा मोठा भाग वगळला जातो. मार्ग सोपा आहे. ठेकेदाराकडून पाळीनिहाय यादी मागवा आणि प्रमाणपत्र कॉलेजच्या नावाने द्या. दुसरीकडे नोकरी शोधताना त्या माणसाला सही-शिक्क्याचा तोच कागद उपयोगी पडतो.

वर्गवारीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. "सर्वोत्कृष्ट शिक्षक" असा एकच पुरस्कार ठेवू नका. ॲनाटॉमी शिकवणारा आणि हाडांची ऑपरेशन्स करत करत शिकवणारा, यांना एका तराजूत घालून काय मोजणार? कामाप्रमाणे भाग पाडा: शिकवणं, संशोधन, रुग्णसेवा, गावातलं आणि वस्तीतलं काम, आणि एक भाग न दिसणाऱ्या कामाचा. शिवाय एक गट-पुरस्कार हवाच. प्रसूतिकक्ष सुधारला तर तो एकट्या डॉक्टरने सुधारलेला नसतो. केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमात प्रसूतिकक्षाचं आणि प्रसूतीच्या ओटीचं मूल्यांकन होतं, २०१५ पासूनच्या 'कायाकल्प'मध्ये सरकारी आरोग्यसंस्थांच्या स्वच्छतेचं. दोन्हींत गुण मिळतात ते जागेला, म्हणजे तिथे राबणाऱ्या सगळ्यांना.

नामांकनाचा कागद

एक पान. मराठीत. इंग्रजीत भरायचा असेल त्याने इंग्रजीत भरावा, पण कोरा छापील फॉर्म मराठीत असू द्या, नाहीतर वॉर्डातून एकही येत नाही. स्वतःचं नामांकन स्वतः भरायला आपल्याकडे माणसं लाजतात, आपणच आपली आरती कशी ओवाळायची असं वाटतं. पद्म पुरस्कारासाठीसुद्धा केंद्राच्या पोर्टलवर स्वतःचं नाव स्वतः देता येतं, हे सांगितलं की थोडी भीड मोडते. तरी चतुर्थ श्रेणीसाठी दुसऱ्याने भरलेलं नामांकनच धरा. मावशींना "तुमच्या कर्तृत्वाविषयी २०० शब्दांत लिहा" म्हणणं ही थट्टा होते.

फॉर्मवर प्रश्न तीनच. काय केलं? त्याने कुणाला काय फरक पडला? हे तपासायला कुणाला विचारावं? तिसऱ्या प्रश्नापुढे नाव नसेल तर फॉर्म परत पाठवा.

पडताळणी: इथे वेळ घाला

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. शिक्षकांचे अर्ज जाडजूड असतात. जाडी बघून घाबरू नका आणि भुलूही नका.

शोधनिबंधांपासून सुरू करा. यादीतल्या प्रत्येक निबंधाचा डीओआय (ऑनलाइन ओळख) क्रमांक मागा आणि तो उघडून पाहा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शीर्षक टाकून शोधा. मागे घेतलेल्या निबंधावर तिथे तशी स्पष्ट नोंद असते. नाव कितवं आहे ते बघा: पहिलं, पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेलं, की अकरावं? सारख्या आडनावांचा गोंधळ मोठा असतो, त्यावर १६ अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हा उपाय आहे, तो फॉर्मवरच मागून घ्या. आणि निबंधांची नुसती संख्या मोजू नका. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं आहेत हे आता रेसिडेंटलाही माहीत असतं. मी समितीत अर्जदाराला एवढंच सांगते: तुमचा सर्वांत महत्त्वाचा एक निबंध निवडा आणि त्यातून काय कळलं ते पाच ओळींत लिहा. ज्याने काम केलंय त्याला पाच ओळी कमी पडतात.

विद्यार्थ्यांना संशोधनाला लावणारे शिक्षक अशा मोजणीत मागे पडतात, कारण पहिलं नाव ते विद्यार्थ्याला देतात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. तिच्यासाठी कुणी किती मुलांना मार्गदर्शन केलं आणि किती जणांचे अहवाल पूर्ण झाले, हा आकडा मुद्दाम मागवा.

पेटंटवर तर वेगळा लेख होईल. "पेटंट प्रकाशित" आणि "पेटंट मंजूर" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत छापला जातो, तोवर त्याची परीक्षा झालेलीच नसते. मंजुरी त्यानंतर, परीक्षणाअंती. मंजूर झालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. तिसरा प्रकार डिझाइन नोंदणीचा. त्यात वस्तूच्या फक्त बाह्यरूपाला संरक्षण मिळतं, ती कशी चालते याला नाही. बऱ्याच अर्जांत डिझाइनचं प्रमाणपत्र पेटंट म्हणून जोडलेलं असतं, कधी अजाणता, कधी जाणून. प्रमाणपत्रावर काय छापलंय ते शब्द न् शब्द वाचा.

मग फेलोशिपा. परीक्षा देऊन मिळालेली, निवड होऊन मिळालेली आणि वर्गणी भरून मिळालेली, नावापुढची अक्षरं तिन्हींची सारखीच झळकतात. त्या संस्थेच्या नियमावलीत पात्रतेचं पान उघडलं की दहा मिनिटांत उलगडा होतो. "जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत" हा उल्लेखही हल्ली सर्रास दिसतो. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हियर या प्रकाशन संस्थेच्या माहितीवरून काढतात, आणि तिचे दोन भाग असतात: सगळ्या कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा. दोन्हींना मान आहे, पण कोणता ते मानपत्रात लिहा.

विकत मिळणाऱ्या पुरस्कारांचे फोन तुम्हालाही येत असतील. "सर, तुमची निवड झाली आहे, हॉटेलात कार्यक्रम आहे, नोंदणी शुल्क एवढं." अशा ट्रॉफ्या अर्जाला जोडलेल्या आल्या तर वाद घालू नका, फॉर्मवर एक रकाना ठेवा: या पुरस्कारासाठी शुल्क भरलं का? हो असेल तर गुण शून्य. आम्ही हा रकाना टाकला त्या वर्षी अर्जांची जाडी निम्म्यावर आली.

शिकवण्याचं माप काढणं सगळ्यांत अवघड. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने जे प्रशिक्षण घ्यावंच लागतं, उदाहरणार्थ वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स, ते कर्तृत्वात धरू नका. ते कर्तव्य झालं. विद्यार्थ्यांचे निनावी अभिप्राय घ्या, पण ते एकटे पुरेसे नाहीत. कडक शिक्षकाला दुसऱ्या वर्षाची मुलं कमीच गुण देतात. त्याच मुलांना इंटर्नशिप संपल्यावर विचारा, इमर्जन्सीत पहिल्या रात्री कुणाचं शिकवलेलं आठवलं? उत्तरं बदलतात. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा एक प्रश्न टाकला की दोन दिवसांत जेवढं हाती लागतं, तेवढं छापील अभिप्राय फॉर्मांतून वर्षभरात लागत नाही.

शेवटची तपासणी गुपचूप करायची. नाव जाहीर करण्याआधी आस्थापना प्रमुखांकडून आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत तक्रार समितीकडून "हरकत नाही / थांबावे" एवढ्याच शब्दांत उत्तर घ्या. तपशील मागू नका, ते गोपनीय असतात. "थांबावे" आलं तर नाव पुढच्या वर्षावर टाका आणि त्याबद्दल कॅन्टीनमध्ये एक शब्दही काढू नका.

समितीत कोण बसेल

सात जण पुरे, विषम संख्या असावी. डीन किंवा त्यांचा प्रतिनिधी, एक क्लिनिकल आणि एक नॉन-क्लिनिकल शिक्षक, मेट्रन, चतुर्थ श्रेणीतला एक, एक इंटर्न किंवा रेसिडेंट आणि एक बाहेरचा. चतुर्थ श्रेणीच्या सदस्याला पहिल्या बैठकीत कुणी खुर्ची सरकवून देत नाही, ती तुम्ही द्या आणि मत त्यांना आधी विचारा. मोठ्या डॉक्टरांनी आधी मत दिलं की त्यानंतर सगळे माना डोलावतात.

ज्याचा नातेवाईक, गाइड किंवा थेट वरिष्ठ यादीत आहे त्याने त्या नावापुरतं बाहेर जाऊन बसायचं. आणि "यंदा त्यांच्या विभागाचा नंबर आहे" हे वाक्य आलं की बैठक थांबवून चहा मागवा. पाळीपाळीने वाटला जातो तो प्रसाद.

मानपत्र

मी पाहिलेल्या मानपत्रांपैकी निम्म्यांत माणसाचं नाव खोडून दुसरं घातलं असतं तरी चाललं असतं. "आपल्या निःस्वार्थ, समर्पित व उल्लेखनीय सेवेबद्दल" हे शब्द टाळायचे असं ठरवा, मग आपोआप काहीतरी खरं लिहावं लागतं. वहीतली नोंद घ्या, वाक्य साधं ठेवा, १०० शब्दांच्या आत संपवा. मामांचं मानपत्र आज लिहायला मिळालं तर मी असं लिहीन:

"शरीररचनाशास्त्र विभागात आलेला प्रत्येक देह आपण स्वतः स्वीकारला. देहदान करणाऱ्या कुटुंबाला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिल्याशिवाय आपण कागदपत्रांना हात लावला नाहीत. पहिल्या दिवशी घेरी आलेल्या कितीतरी मुलांना आपण बाहेरच्या कट्ट्यावर बसवलंत, आणि त्यांचं नाव वर्गात कुणाला कळू दिलं नाहीत. फॉर्मलिनच्या टाक्यांची देखभाल, नोंदवही आणि किल्ल्या आपल्याकडे होत्या. एकही नोंद अपुरी सापडली नाही."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. वाचताना निवेदकाचा घसा दाटतो, एवढंच.

आकडा घालायचा तर दप्तरात पाहूनच घालायचा. रुग्णाची गोष्ट सांगायची असेल तर ओळख पटेल असा तपशील गाळा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाच्या संमतीशिवाय ओळख उघड होईल असा फोटो किंवा केस छापायला मनाई आहे. स्टेजमागच्या पडद्यावर आयसीयूतल्या पेशंटचा फोटो लावून कौतुक करणारे कार्यक्रम मी पाहिलेत. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मनाई तशीच राहते.

छपाईला देण्याआधी नाव त्या माणसालाच दाखवा. देवनागरीत कसं लिहितात, वडिलांचं नाव लावायचं का, लग्नाआधीचं आडनाव हवं का, हे विचारा. केरळातून आलेल्या सिस्टरची नावं आपण फार बेफिकिरीने मोडतो. निवेदकाच्या कागदावर उच्चार जसा हवा तसा लिहून द्या आणि एकदा मोठ्याने म्हणून घ्या.

पैसे कुठून आणायचे, कुठून नाही

औषध कंपनीकडून नाही. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार किंवा रोख घेऊ नये, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आचारसंहितेत आली, आणि २०२४ च्या औषध-विपणन संहितेने कंपन्यांच्या बाजूनेही तेच बंधन घातलं. बॅनरच्या कोपऱ्यातला छोटासा लोगोसुद्धा नको. मेडिकल रेप्रेझेंटेटिव्ह "फक्त जेवणाचं बघतो" म्हणाला तरी नको.

खर्च तसा फार नसतो. स्मृतिचिन्ह, चौकट, फुलं, चहा-नाश्ता. फुलं ठाण्यात जांभळी नाक्यावर सकाळी लवकर गेलं तर ताजी आणि स्वस्त मिळतात. शालींऐवजी पुस्तक किंवा चांगली छत्री द्या. छत्री चेष्टेचा विषय होईल, पण वापरली जाईल. माजी विद्यार्थी संघटनेकडून एखाद्या पुरस्काराचा निधी उभा करता येतो. नाव देणगीदाराचंच हवं असं नाही. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ चा, आपल्या कल्याणचा. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार तरुण महिला डॉक्टरला शोभेल. आणि न दिसणाऱ्या कामाच्या पुरस्काराला आपल्याच कॉलेजातल्या एखाद्या निवृत्त मामांचं किंवा मावशींचं नाव, अर्थात त्यांना विचारून.

दिवस आणि वेळ

कॅलेंडरमध्ये दिवस भरपूर आहेत. १ जुलैचा डॉक्टर्स डे, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्माचा आणि मृत्यूचाही. १२ मेचा परिचारिका दिन, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माचा. ५ सप्टेंबर शिक्षकांचा. २५ सप्टेंबर फार्मासिस्टांचा. १६ ऑक्टोबर भूलतज्ज्ञांचा, १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं तो दिवस. ८ नोव्हेंबर रेडिओग्राफीचा, १८९५ मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले तो.

पण आपल्याकडचं गणित निराळं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस जोरात असला तर लोकल रखडतात. बदलापूर, टिटवाळा, कर्जतहून येणारी माणसं ड्यूटीवरच उशिरा पोहोचतात, समारंभाला कुठून येणार? मे महिन्यात निम्मा स्टाफ गावी. ५ सप्टेंबर बऱ्याचदा गणपतीच्या आसपास येतो आणि कोकणातला माणूस तेव्हा ठाण्यात सापडत नाही. म्हणून त्या त्या दिवशी त्या त्या विभागात छोटा कार्यक्रम करा, आणि मोठा समारंभ परीक्षा बघून डिसेंबर-जानेवारीत ठेवा. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे आवारात असतातच, तो मुहूर्त चतुर्थ श्रेणीच्या सत्काराला फार चांगला.

वेळ पाळ्या बघून ठरवा. सकाळची पाळी दोनच्या सुमारास सुटत असेल तर दीड ते अडीच हा तास धरा, दोन्ही पाळ्यांची माणसं हाती लागतात. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे ट्रान्स-हार्बरची गर्दी आणि रिकाम्या खुर्च्या. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे घेतलं की थाट येतो, पण वॉर्ड सोडून तिथे कोण जाणार? कॉलेजचा लेक्चर हॉल बरा.

कार्यक्रम ६० मिनिटांत संपला पाहिजे. पाहुणे एकच, भाषण दहा मिनिटं, तेही शेवटी. मानपत्र त्या माणसाच्या कामाचा साक्षीदार असलेल्याने वाचावं: टेक्निशियनचं सर्जनने, शिक्षकाचं विद्यार्थ्याने. घरच्या दोन माणसांना पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवा. नगरसेवक आले तर त्यांना दुसऱ्या रांगेत बसवायची तयारी आणि हिंमत, दोन्ही ठेवा.

बाहेरच्या पुरस्कारांसाठी नाव पाठवणं

वही दोन वर्षं नीट चालली की तुमच्याकडे आयती फाइल तयार असते. परिचारिकांसाठी केंद्राचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे आणि सहायक परिचारिका प्रसाविकाही त्याला पात्र असतात, हे कित्येक मेट्रनना माहीत नसतं. पद्मसाठी पोर्टलवर माहिती भरताना वर्तमानपत्रांची कात्रणं डकवण्यापेक्षा कामाने काय बदललं ते वर्षवार लिहा. एक आठवण करून द्यावी लागतेच: पद्म पुरस्कार ही पदवी नाही, ती नावाआधी किंवा नंतर लावता येत नाही. कॉलेजच्या पाटीवरही नाही.

समारंभानंतरचा आठवडा

मानपत्राची प्रत सेवापुस्तकात गेली का? गोपनीय अहवालात उल्लेख झाला का? नॅकच्या (उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलला प्रत लागली का? हे तीन टिकमार्क झाल्याशिवाय फाइल बंद करू नका. ज्यांची निवड झाली नाही त्यांना निवड समितीच्या सहीने दोन ओळींचं पत्र पाठवा, नोंद कोणती आवडली ते लिहून. त्यांचं नामांकन पुढच्या वर्षी आपोआप विचारात घ्या, नवा फॉर्म मागू नका.

आणि रात्रपाळी. दीडच्या कार्यक्रमाला ती माणसं झोपलेली असतात, त्यांना उठवून बोलावू नका. त्याच दिवशी रात्री साडेनऊला डीन, मेट्रन आणि तुम्ही असे तिघं निघा. हातात चौकट, बरोबर चहाचा थर्मास. कॅज्युअल्टी, लेबर रूम, आयसीयू, ब्लड बँक, शेवटी शवागार. मानपत्र तिथेच उभ्याउभ्या वाचा, हळू आवाजात, पेशंट झोपलेले असतात. आमच्या एका फेरीत लेबर रूमला पोहोचलो तेव्हा सिस्टरच्या हातात ग्लोव्ह्ज होते. "मॅडम, दहा मिनिटं," म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. डीन चौकट धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिले, चाळीस मिनिटं.